कातकरी वाडीवरचं लेकरू मुंबईच्या दवाखान्यात नेताना

वॉर्डातल्या फायलीवर कधी कधी लाल शाईनं एक शब्द लिहिलेला असतो, ‘ॲब्सकाँड’. पेशंट न सांगता निघून गेला, एवढाच त्याचा अर्थ. सिस्टर आपसात म्हणतात, “ते कातकरी पळाले बघ.” हा शब्द मी आजवर चार फायलींवर पाहिला. चारही लेकरं माझ्या ओळखीच्या वाड्यांवरची होती, म्हणून चौघांच्याही घरी जाऊन मी विचारलं. दवाखान्याचा कंटाळा आला असं एकानंही सांगितलं नाही. एका घरानं भट्टीमालकाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले होते आणि वॉर्डाच्या दारात मुकादम येऊन उभा राहिला होता. एकीची तीन वर्षांची थोरली पोर वाडीवर शेजारणीकडे होती आणि तापानं फणफणली होती. एक बाप दोन दिवस उपाशी होता आणि त्यानं ते बायकोलाही कळू दिलं नव्हतं. चौथ्या घरी आजीनं निरोप धाडला होता, पोर जायचीच असेल तर घरी जाऊ दे, तिथं कापाकापी नको.

यातलं एकही कारण केसपेपरवर नसतं. डॉक्टरांना ते दिसत नाही आणि ही माणसं आपणहून सांगत नाहीत. सोबत जाणाऱ्याचं पहिलं काम मी हेच मानते: हे घर कोणत्या कारणानं दवाखाना सोडून परत जाईल, ते निघण्याआधी शोधायचं आणि तेवढं आधी मिटवायचं.

मी कर्जत-खालापूर भागात बालवाडीची बाई होते. २०११ पासून वाड्यांवरच्या आजारी मुलांसोबत जाते. आता आशाताई, शाळेतले गुरुजी, कॉलेजची मुलंही हे काम करू लागली आहेत आणि मला फोन करून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी वाडीवर बसा

महाराष्ट्रात तीन जमाती सरकार दरबारी आदिम म्हणून नोंदल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. ते जंगल आणि तो धंदा दोन्ही हातचे गेले. आता पावसाळ्यात लावणी-कापणीची मजुरी, नदीची मासळी, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टी नाहीतर कोळशाची भट्टी. पाऊस तोंडावर आला की परत वाडी. तुमच्या वहीत पहिल्यांदा हे वेळापत्रक लिहा. मुलाच्या ऑपरेशनची तारीख, पुढची तपासणी, औषध संपायचा दिवस, या सगळ्यांची गाठ भट्टीच्या हंगामाशी पडते.

वाडीवर गेल्यावर “उद्या मुंबईला जायचंय” असं उभ्या उभ्या सांगू नका. बसा. चहा दिला तर प्या. मग विचारा: बाकीची मुलं कुणाकडे राहतील? त्यांना भात कोण घालेल? कोंबड्या-शेळी कोण बघेल? घरात शब्द कुणाचा चालतो? बऱ्याचदा तो शब्द आजीचा असतो, बापाचा नव्हे, आणि आजीला न विचारता नेलेलं मूल चौथ्या दिवशी परत येतं. याआधी दवाखान्यात काय झालं होतं, तेही विचारा. एका आईनं मला सांगितलं होतं की तिचं आधीचं बाळ ज्या खाटेवर गेलं, ती खोलीच तिला अजून दिसते. अशा बाईला “घाबरू नका” म्हणून काय उपयोग? मी तिच्यासोबत पहिली रात्र वॉर्डाबाहेर बसून काढली, बस.

भगताशी, म्हणजे वाडीवर झाडपाला-मंत्र करणाऱ्याशी, भांडू नका. त्याच्याकडे जाऊन आले असतील तर “बरं केलंत, आता इकडेही दाखवू” एवढंच म्हणा. एका वाडीवरचा भगत आता स्वतः मला निरोप देतो, या पोराचा श्वास माझ्या हातचा नाही, घेऊन जा. त्याचा मान मी राखला नसता तर हे झालं नसतं. मात्र उपाय म्हणून पोराच्या पोटाला चटके द्यायची गोष्ट निघाली तर तिथं गप्प बसायचं नाही. ते थांबवायचंच, आजीला विश्वासात घेऊन.

आता उचलीचं. दिवाळीआधी घरानं मालकाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते भट्टीवर कामातून फिटतात, आणि बाजाराच्या दिवशी आठवड्याची खर्ची मिळते. बाई दहा दिवस दवाखान्यात बसली की तिचं काम बुडतं, खर्ची तुटते, अंगावरची उचल वाढते. म्हणून मी आधी मालकाला भेटते, एकटी नाही, गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला सोबत घेऊन. सरळ सांगते: मूल आजारी आहे, आई इतके दिवस येणार नाही, बाप भट्टीवर राहील, उचलीचा हिशेब ती आल्यावर. बहुतेक मालक ऐकतात. जो “पैसे टाका मग न्या” म्हणतो, त्याला १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा शांतपणे आठवून द्या. उचल फिटली नाही म्हणून कुणालाही अडवून ठेवता येत नाही, आणि तक्रार तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे करता येते. ती करायची वेळ माझ्यावर एकदाच आली.

कागदांची पिशवी

प्रत्येक घराला मी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी देते आणि कुडाला खिळ्यावर टांगून ठेवायला सांगते. कुडाच्या घरात पत्र्याची पेटी असली तरी उंदीर कागदापर्यंत पोचतो. पिशवीत रेशनकार्ड, आई-बापाचं आणि मुलाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या. प्रत्येकाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये. मूळ कागद खिडकीवर दाखवायचा आणि लगेच परत घ्यायचा, हातात द्यायची ती झेरॉक्स.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, आणि आता आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. रेशनकार्ड आणि ओळखीचा एक कागद हे मुख्य. तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर चढलेलं नसतं, तेव्हा जन्मदाखला आणि आईबापासोबतचा बाळाचा फोटो लागतो. तो फोटो वाडीवरच काढून ठेवा. मुंबईत स्टुडिओ शोधत फिरताना माझी अर्धी दुपार गेली होती आणि त्या दिवशीची मंजुरी हुकली होती.

अडतं कुठं, तर जन्मदाखल्यावर. भट्टीवर जन्मलेल्या बाळाची नोंद कुठंच नसते, कारण भट्टी एका तालुक्यात, वाडी दुसऱ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. पुढे विलंब जितका जास्त, तितके सोपस्कार वाढत जातात. म्हणून बाळ आजारी असो वा नसो, भट्टीवर बाळंत झालेल्या प्रत्येक बाईची नोंद मी त्याच महिन्यात त्या गावच्या ग्रामपंचायतीत करून घेते. दुसरं अडतं ते नावावर. आईच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डवर सासरचं, केसपेपरवर तिसरंच. मूल पहिल्यांदा ज्या नावानं नोंदवाल तेच नाव शेवटपर्यंत चालवायचं, म्हणून केसपेपरच्या खिडकीवर तोंडी नाव सांगू नका, आधार समोर ठेवा. तिसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर मुकादमाचा नाहीतर दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या सिमचा निघतो. नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन या केंद्र सरकारच्या मोहिमेची शिबिरं आदिम जमातींच्या वस्त्यांवर होतात. आधार दुरुस्ती, आयुष्मान कार्ड, जातीचा दाखला ही कामं तिथं करून घ्या. आपल्याकडे त्यासाठी पेणचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे.

मूल धापा टाकत असेल तर मात्र कागदांसाठी एक मिनिट थांबू नका. फुले योजनेत तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरीची सोय आहे, कागद मागून देता येतात. खोकल्याच्या पोराचा सदरा वर करा, छाती बघा आणि घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर १०८ लावून रुग्णवाहिका बोलवा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी फुकट आहे. फोनवर वाडीचं नाव सांगून भागत नाही, त्या नावाच्या दोन-तीन वाड्या असतात. डांबरी रस्त्यावरची शाळा किंवा फाटा सांगा आणि तिथं एक पोरगा बॅटरी घेऊन उभा करा.

कुठल्या दवाखान्यात

थेट मुंबई गाठायची घाई करू नका. आरोग्य केंद्र, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, इथली तपासणी १५ ऑगस्ट २०२३ पासून पूर्ण फुकट आहे, केसपेपरचेही पैसे नाहीत. शिवाय तिथून मिळालेली संदर्भचिठ्ठी मोठ्या दवाखान्यात फार कामाची. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, शिक्का आणि कशासाठी पाठवलं ते लिहिलेलं आहे ना, हे तिथंच उभं राहून वाचून घ्या. जन्मजात व्यंग, हृदयाचं भोक, दुभंगलेला ओठ, वाकडा पाय अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं आणि पुढची शस्त्रक्रियाही करून देतं. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईला विचारून ठेवा. भट्टीवर गेलेली मुलं नेमकी त्याच दिवशी नसतात.

कुपोषित मुलाची वाट वेगळी. दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल पट्ट्यात आली, तर पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात, साधारण दोन आठवडे. तिथं आईलाही जेवण मिळतं आणि बुडीत मजुरीही मिळते. हे आईला पहिल्याच वाक्यात सांगा, बाकीचं नंतर.

खासगी मोठ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर तो धर्मादाय आहे का बघा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि २००६ पासूनच्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे, अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. “आमच्याकडे अशी खाट नाही” म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितलं की खाट निघते, हा माझा दोनदाचा अनुभव.

मुंबईत पहिला दिवस

मुलांसाठी परळ हे नाव पाठ करून ठेवा. बाई जेरबाई वाडिया रुग्णालय तिथं १९२९ पासून फक्त मुलांचं आहे आणि केईएम त्याच्या शेजारीच. कर्जतहून पहाटेची लोकल धरायची, दादरला उतरायचं, आणि धीम्या गाडीनं पुढचं स्टेशन परळ. केसपेपरची खिडकी सकाळी उघडते आणि दुपारच्या आत बंद होते, उशिरा पोचलात तर दिवस गेला. मोठ्या दवाखान्यात प्रत्येक युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचा, ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्या दिवशी ज्या युनिटनं मूल बघितलं, पुढं त्यांच्याच वाराला जायचं. हा वार मी केसपेपरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिते, आणि आईला “बाजाराचा दुसरा दिवस” असं काहीतरी तिच्या हिशेबातलं सांगते.

आत गेल्यावर दोन माणसं शोधा. एक आरोग्यमित्र, योजनेच्या टेबलावर बसलेला. योजनेचं काहीही अडलं तर तोच. तो जागेवर नसेल तर १५५३८८ वर फोन लावा. दुसऱ्या समाजसेवा अधीक्षक, ज्यांना सगळे सोशल वर्कर मॅडम म्हणतात. योजनेत न बसणारा खर्च, बाहेरून आणायला सांगितलेलं औषध, गरीब रुग्णांसाठीच्या पुअर बॉक्स फंडातून मदत, राहण्याच्या जागेसाठी चिठ्ठी, हे सगळं त्यांच्या हातात असतं. त्यांच्याकडे पैसे संपल्यावर जाऊ नका, पहिल्याच दिवशी मुलाला घेऊन जा आणि ओळख करून द्या. बाहेरचं औषध लिहून दिलं की दुकानात धावण्याआधी सिस्टरला विचारा, “हे योजनेत बसतं का?”

मग आईला वॉर्ड दाखवा. सांगू नका, चालवा. खाट ते संडास, खाट ते पाणी, खाट ते औषधाची खिडकी, खाली चहाची टपरी, आणि परत. एकदा तुम्ही पुढं, दुसऱ्यांदा ती पुढं. लिफ्ट पहिल्यांदाच बघणारी बाई त्या पेटीत एकटी शिरत नाही, ती चार मजले जिन्यानं चढते आणि कुणाला सांगत नाही. एका आईसाठी मी वॉर्डाच्या दाराच्या कडीला तिच्याच जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली होती. वॉर्डातल्या मावशींनी ती पंधरा दिवस काढली नाही. सगळे दरवाजे एकसारखे असताना तेवढी खूण तिला पुरली.

बोलायचं कुणी

इथं माझी एक मोठी चूक सांगते. सात महिन्यांची मुलगी होती. पथकाच्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज आला होता, म्हणून मुंबईला आणलं. ओपीडीत गर्दी, डॉक्टर तरुण, हिंदीत विचारत होते. “दूध पिते का?” मी पटकन म्हणाले, “हो, पिते.” त्यांनी तसं लिहिलं आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. बाहेर बाकावर आई मुलीला पाजायला बसली आणि खाली बघतच म्हणाली, “पिते बाई, पर चार घोट घेते नि सोडते. कपाळाला घाम येतो. दमते, मग परत धरते.” मी बघितलं. पदराखालून डोकं बाहेर काढल्यावर त्या एवढ्याशा कपाळावर घामाचे थेंब होते, आणि पंखा तर डोक्यावरच फिरत होता. आम्ही तशाच परत आत गेलो. या वेळी मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि डॉक्टरांना म्हटलं, “आईला विचारा.” ती अडखळत बोलली, अर्धं कातकरी बोलीत, आणि जिथं शब्द अडला तिथं हातानं दाखवलं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्याच दिवशी झाली. दूध पिताना घाम येणं, थांबत थांबत पिणं, वजन न वाढणं, वारंवार न्यूमोनिया होणं ही हृदयाच्या भोकाची नेमकी लक्षणं आहेत, आणि ती आईनं रोज पाहिलेली असतात.

तेव्हापासून मी आईच्या पुढं उभी राहत नाही, मागं राहते. डॉक्टरांनी मला विचारलं तरी आईकडे बघते. शब्द पोचत नसेल तेव्हाच मधे बोलते. आदल्या रात्री आईकडून तीन गोष्टी वदवून घेते: कधीपासून, काय झालं की वाढतं, तुला कशाची भीती वाटते. तिसरा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, पण आई तो बोलली की डॉक्टरही तिच्याकडे वळून बोलतात.

समजलं का, असं विचारलं की मान हलते. मान हलण्याचा अर्थ एवढाच की बाई आता पुरे. म्हणून विचारा, “घरी आजीला काय सांगाल?” ती जे सांगेल त्यावरून कळतं काय पोचलं. हे मी शिकले ते एका रद्द झालेल्या ऑपरेशनवरून. मुलाला सकाळी टेबलावर घ्यायचं होतं. आदल्या रात्री सिस्टर सांगून गेल्या, “एनबीएम आहे, उपाशी ठेवा.” मी आजीला सांगितलं, सकाळी खायला द्यायचं नाही. आजीनं दिलंही नाही. पहाटे पोर रडायला लागलं तेव्हा तिनं बशीतून दोन घोट चहा पाजला. चहा तिच्या लेखी खाणं नव्हेच. वाडीवर उपाशी माणूससुद्धा चहा पितो. ऑपरेशन नऊ दिवस पुढं गेलं आणि आजीला सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खावी लागली. चूक आजीची नव्हती, शब्द माझा अपुरा होता. आता मी असं सांगते: “तोंडात काही म्हणजे काही नाही. भात नाही, बिस्कीट नाही, चहा नाही, पाणी नाही, अंगावरचं दूधसुद्धा नाही. पोटात काही असलं तर भूल दिल्यावर ते छातीत जातं आणि श्वास कोंडतो.” किती वाजल्यापासून, हे डॉक्टरांकडून नेमकं विचारायचं, आणि कारण सांगायचंच. कारण कळलं की आजीच पहारा देते.

संमतीपत्राचंही तसंच. अंगठा उठवण्याआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, किंवा तुम्ही वाचा, बापालाही बोलवा. “लवकर करा” म्हणणारं कुणीतरी असतंच. दोन मिनिटं मागून घ्या.

“तुम्ही लोक असेच”, “इतकी पोरं कशाला काढता”, “आंघोळ करून या आधी” हे ऐकायला मिळतं. माझा आवाज चढला की त्याचा त्रास मला होत नाही, रात्रभर वॉर्डात एकट्या राहिलेल्या आईला होतो. म्हणून त्या क्षणी मी इतकंच म्हणते, “ताई, या पहाटे तीनला उठून निघाल्यात.” तक्रार असेल तर सिस्टर इन-चार्जकडे, मग अधीक्षकांकडे, लेखी, तारखेसह, आणि मूल घरी गेल्यावर. औषध किंवा उपचार नाकारले तर मात्र तिथल्या तिथं.

बाप कुठं झोपतो

मुलाजवळ एका बाईला राहता येतं. बापाला पास संपला की बाहेर काढतात, आणि बाप फुटपाथवर. पहिल्या रात्रीच त्याची जागा ठरवा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं मुख्यतः कर्करोगाचे रुग्ण राहतात. इतर लहान धर्मशाळांच्या चिठ्ठ्या सोशल वर्कर मॅडमकडून मिळतात. परळ भागात रुग्णांच्या नातलगांना जेवण वाटणाऱ्या संस्था आहेत, पण वेळ आणि ठिकाण माहीत नसेल तर माणूस समोरून जातो आणि उपाशी राहतो. रांगेत उभं राहायची लाज वाटते, हेही आहे. एकदा त्याच्यासोबत तुम्हीही रांगेत उभे राहा आणि तेच जेवा.

रोज संध्याकाळी वाडीवर फोन लावून द्या, मागं राहिलेल्या मुलांचा आवाज आईला ऐकू द्या. रिचार्ज आणि चार्जर हा मी औषधाइतकाच खर्च धरते. मला वाटतं, यानं जितकी कुटुंबं वॉर्डात टिकली तितकी दुसऱ्या कशानं नाही.

आणि तरीही कुणी निघायचं ठरवलं तर वाट अडवू नका. न सांगता जाण्यापेक्षा डामा घेऊन, म्हणजे सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जवर सही करून गेलेलं बरं, कारण हातात कागद राहतात. त्या सहीचा अर्थ सांगा, आणि हेही सांगा की सही केली म्हणून परत यायची दारं बंद होत नाहीत. सुरुवातीला सांगितलेल्या त्या चारपैकी दोन मुलं मी पुन्हा घेऊन गेले.

मूल गेलं तर, हे लिहिताना हात थांबतो, पण सांगायला हवं. १०८ ची गाडी मृतदेह नेत नाही. शववाहिकेसाठी अधीक्षकांकडे आणि सोशल वर्कर मॅडमकडे जा, खासगी गाडीवाल्याशी घासाघीस करायची वेळ आईबापावर येऊ देऊ नका. मृत्यूचा कागद घ्या. सोबत वाडीपर्यंत जा. बाराव्यालाही जा.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. योजनेत घरी जाण्याचं एकवेळचं भाडं आणि पुढच्या दहा दिवसांचं औषध बसतं, ते मागून घ्या. मग बाकावर बसून औषधं मांडा. वाचता न येणाऱ्या आईसाठी मी बाटलीवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढते. पातळ औषध सिरिंजनं मोजायचं असतं, त्यावरचे आकडे धुवून पुसट होतात. म्हणून जिथपर्यंत भरायचं तिथं लाल नेलपॉलिशची रेघ मारते आणि वाळू देते. मग आईनं माझ्यासमोर पाण्यानं तीनदा भरून दाखवायचं. त्या सात महिन्यांच्या मुलीच्या आईनं तिसऱ्यांदा सिरिंज उजेडाकडे धरली, आत अडकलेला एक बुडबुडा टिचकी मारून वर काढला, आणि मग रेघेला पाणी टेकवलं. बुडबुड्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं सिस्टरना करताना पाहिलं होतं.

पुढची तारीख तशीच घेऊ नका. डॉक्टरांनी जानेवारी लिहिला तर विचारा, “हे तेव्हा भट्टीवर असतील, दिवाळीआधी चालेल का?” चालत असेल तर डॉक्टर खुशीनं बदलून देतात, त्यांना फक्त हे कुणी सांगितलेलं नसतं. चालत नसेल तर भट्टी कुठल्या गावाजवळ, कुठला तालुका, मालकाचं नाव आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्या. वाडीच्या आशाताईला द्या, आणि भट्टीच्या गावच्या आशाताईला फोन करून सांगा: अमुक भट्टीवर एक पोर आलं आहे, त्याची सिरिंज बघा, लाल रेघ पुसली असेल तर पुन्हा मारा.